डोक्यावरचं ओझं

औसा तालुक्यातलं आमचं जुनं घर माळवदाचं. लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर फळ्या आणि फळ्यांवर पांढरी माती. दर पावसाळ्याआधी आबा नवी माती टाकून चोपायचे, म्हणजे गळत नसे. जुनी माती मात्र कुणी काढत नव्हतं. असं करता करता थर हात-दीड हात जाड झाला. उन्हाळ्यात आत कसं गारगार वाटायचं. त्या गारव्याची किंमत ३० सप्टेंबर १९९३ ला कळली.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गाव दमून निजलेलं. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि माळवद खाली आलं. किल्लारीच्या त्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसं गेली. त्यात आमची आजी गेली. आबांनी हातांनी माती उपसली. तीच माती, त्यांनीच वर्षानुवर्षं चढवलेली.

पुढं पत्र्याचं शेड, मग पुनर्वसनातलं स्लॅबचं घर. आबा काही आत निजले नाहीत. बाज अंगणात, पाऊस आला तर पडवीत पत्र्याखाली.

गेल्या वर्षी पोरीच्या लग्नाआधी बैठकीच्या छताला पीओपीची नक्षीदार पट्टी लावायचं ठरलं. लातूरहून कारागीर आला. त्यानं रंगाच्या दोरीनं भिंतीवर सूत मारलं, जुना रंग खरवडून टाचे मारले, भिंतीवर पाणी शिंपडलं. फरशीवर साच्यात काथ्या घालून पट्ट्या ओतल्या. घमेल्यात आधी पाणी, मग पावडर, आणि कालवलं की हात उचलून काम. दहा-पंधरा मिनिटांत ते दगड होतं. कोपऱ्यात दोन पट्ट्या तिरक्या कापून जुळवल्या आणि सांध्यात पीओपी भरून बोटानं पुसून घेतलं.

आबा दारात बसून बघत होते. म्हणाले, "कशाचं हाय रं हे?"

मी सांगितलं, जिप्सम नावाचा दगड भाजतात, त्यातलं पाणी उडतं, पीठ होतं. पाणी घातलं की पुन्हा दगड. पॅरिसजवळ या दगडाच्या जुन्या खाणी होत्या, म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिस.

"म्हंजे वर परत दगडच चढवायलास."

मी गप्प झालो. कारागिरानं मात्र एक पट्टी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. आबांनी ती दोन्ही हातांनी तोलली. ओली होती, अजून कोमट होती. चार-पाच किलो असेल. बराच वेळ तिच्यावरच्या वेलबुट्टीवरनं अंगठा फिरवत राहिले.

"खिळे मारणार का नुसतीच चिकटवणार?"

"खिळे पण मारतो, बाबा."

"मार. दोन जास्तीचे मार."

संध्याकाळी पट्टी पूर्ण झाली. आबा आत आले, मान वर करून चारी कोपरे बघितले. "बेस दिसतंय," म्हणाले. मग सुनेकडं वळले, "माझी बाज टाक गं अंगणात."