कळप आणि शर्ध

दौलताबादचा किल्ला पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढें तट, खंदक आणि तोफा उभ्या राहतात. गाईंचा कळप कांहीं उभा राहत नाहीं. परंतु १३२७ सालीं महंमद तुघलकानें दौलताबाद हें नांव देण्यापूर्वीं ही देवगिरी होती. तेथील यादव राजे आपलें कुळ यदूपर्यंत नेऊन भिडवीत, म्हणजे गोकुळांत वाढलेल्या श्रीकृष्णाशीं नातें सांगत. खानदेशांतील लोकहि जुन्या राजवटीस 'गवळी राज' म्हणत आले. जेथें गोधन हें वैभवाचें माप होतें, तेथें जनावरांच्या समूहाला कोणतें नांव होतें, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

मराठी 'कळप' हा संस्कृत 'कलाप' या शब्दापासून आला. कलाप म्हणजे जुडगा, समूह. मोराच्या पिसाऱ्यासहि कलापच म्हणतात. 'गोठा' हा 'गोष्ठ' म्हणजे गाई उभ्या राहण्याची जागा. इंग्रजांचा शब्द मात्र 'हर्ड', जर्मनांचा 'हेर्डे'. चौथ्या शतकांतील गॉथिक बायबलांत तोच 'हेर्दा' असा आढळतो. अर्थ एक आहे, म्हणून 'कळप' आणि 'हर्ड' हे सगोत्र असावेत असें कोणास वाटेल. पण त्यांचें कांहींएक नातें नाहीं.

'हर्ड'चा खरा भाऊबंद ऋग्वेदांत आहे. तो शब्द 'शर्ध'. मरुत् देवांच्या गणाला वैदिक ऋषि शर्ध म्हणतात. याकोब ग्रिम यानें १८२२ सालीं मांडलेल्या वर्णपरिवर्तनाच्या नियमांच्या आधारें हें नातें उलगडतें. जेथें संस्कृतांत 'श' येतो, तेथें जर्मानिक भाषांत पुष्कळदां 'ह' येतो: 'शत' आणि 'हंड्रेड', 'श्वन्' आणि 'हाउंड'. 'ध'च्या जागीं 'ड' येतो: 'विधवा' आणि 'विडो'. हे दोन्ही नियम 'शर्ध' शब्दाला लावले, कीं 'हर्ड' आपोआप समोर येतो. लिथुएनियन भाषेंत तर याच मुळाचा 'केर्जुस' म्हणजे गुराखी.

मूळ अर्थ समुदाय एवढाच असावा. एका शाखेनें तो शब्द देवांच्या सैन्याला दिला, दुसरीनें रानांतील गुरांना. पुढें संस्कृतांतून या अर्थाचा शर्ध मागें पडला, आणि मराठीनें कळपाची सोय कलापावरून केली.

तेव्हां शब्दांचें नातें अर्थाच्या साम्यावरून ठरवूं नये. नियमानें जें जुळतें, तेंच मानावें. असें केलें म्हणजे ज्या काळाचा शिलालेख नाहीं, त्या काळाचीहि थोडी माहिती शब्द देऊन जातात.