चाबुकस्वाराच्या हातातला चाबूक

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी तिरोड्याला (जि. गोंदिया) गेलो होतो. वरातीतली पांढरी घोडी ढोलाच्या ठेक्यावर पुढचे पाय आळीपाळीने उचलत होती. अकरावीत शिकणारी माझी भाची शेजारी उभी होती. तिने विचारले, "मामा, हिला ताल कळतो का?" मी काही बोलायच्या आत मागून एक वयस्कर पाहुणे म्हणाले, "ताल कसला कळतोय! चाबूक कळतो. मारल्याशिवाय कुणी शिकतं का?"

पाहुणे निवृत्त शिक्षक होते, म्हणून ते वाक्य माझ्या मनात जास्तच रुतले. रात्री वरात संपल्यावर मी भाचीला घेऊन घोडीवाल्याकडे गेलो. तो घोडीला भिजवलेले हरभरे चारत होता. शिकवले कसे, असे विचारल्यावर तो म्हणाला, "आधी ढोल लांब वाजवायचा. घाबरली नाही की चारा द्यायचा. मग रोज थोडा जवळ आणायचा. सहा महिने गेले, सर. मारून शिकवलेलं जनावर गर्दीत कधी घात करेल सांगता येत नाही."

एकाच घोडीविषयी ही दोन मते. माणूस गेली साडेतीन हजार वर्षे घोड्याला शिकवण्याविषयी लिहीत आला आहे, आणि या सगळ्या काळात ही दोन मते एकमेकांशी भांडत आली आहेत. भाचीला मी तो इतिहास सांगितला. तोच इथे मांडतो.

एक शब्द आणि काही आकडे

घोडा तयार करणाऱ्या माणसाला मराठीत जुना शब्द आहे 'चाबुकस्वार'. ऐकताच डोळ्यांसमोर येतो तो हातात चाबूक घेतलेला, घोड्याला फोडून काढणारा माणूस. पण हा शब्द फारसीतून आला, आणि फारसीत 'चाबुक' याचा एक अर्थ चपळ, तरबेज असा आहे. चाबुकस्वार म्हणजे निष्णात स्वार. आपण त्यातले कौशल्य विसरलो आणि हत्यार तेवढे लक्षात ठेवले.

घोड्याच्या शिक्षणावरचा उपलब्ध असलेला सर्वांत जुना मजकूर मातीच्या विटांवर कोरलेला आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या बोगाझकोय इथे, म्हणजे हित्ती राज्याच्या राजधानीच्या जागी, त्या विटा सापडल्या. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या सुमाराचा हा मजकूर किक्कुली नावाच्या मितन्नी देशातल्या अश्वशिक्षकाचा आहे. रथाचे घोडे कसे तयार करावेत हा त्याचा विषय. कोणत्या दिवशी किती पळवायचे, केव्हा पाणी द्यायचे, किती चारायचे, याचा त्यात दिवसवार तपशील आहे. धावपट्टीच्या फेऱ्या मोजण्यासाठी त्यात 'ऐक', 'तेर', 'पंझ', 'सत्त', 'न' असे आकडे येतात. एक, तीन, पाच, सात, नऊ! आपल्या भाषांच्या दूरच्या नात्यातले हे शब्द घोड्याच्या पाठीवरून तिथवर गेले, असे म्हणायला हरकत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. किक्कुलीची सारी भिस्त क्रमावर आहे. आज थोडे, उद्या त्याहून थोडे जास्त, मध्ये विश्रांती.

यानंतर हजारएक वर्षांनी, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वारोहणावर पुस्तक लिहिले. हा सॉक्रेटिसचा शिष्य. फटके मारून नाचायला लावलेल्या नर्तकाच्या नाचात सौंदर्य असणार नाही, तसेच जबरदस्तीने काम करणाऱ्या घोड्याचेही आहे, असे त्याचे मत. घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर त्याला मारू नये, असेही तो सांगतो. कारण मारले की घोड्याला वाटते, हे दुखणे त्या वस्तूनेच दिले, आणि भीती दुप्पट होते. हे निरीक्षण आजही एखाद्या प्रयोगशाळेच्या अहवालात शोभेल. पण त्याच पुस्तकात खंदकावरून उडी मारायला शिकवताना घोडा अडला तर मागून फटका देण्याचा सल्लाही आहे. दोन्ही मते एकाच माणसाच्या डोक्यात नांदत होती!

रिंगणातली शाळा

घोड्याचे खेळ हा स्वतंत्र धंदा झाला तो सर्कशीमुळे. लंडनमध्ये १७६८ साली फिलिप अॅस्टली या माजी घोडदळ सैनिकाने गोल रिंगणात घोड्यावरच्या कसरती दाखवायला सुरुवात केली. पुढे अनुभवातून रिंगणाचा व्यास ४२ फुटांवर, म्हणजे सुमारे १३ मीटरवर स्थिरावला. सर्कशीच्या रिंगणाचे हेच माप पुढे जगभर चालू राहिले. वर्गात करून पाहण्यासारखे हे गणित आहे. घोडा ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सेकंदाला ५ मीटर वेगाने धावत असेल, तर केंद्राच्या दिशेचे त्वरण सुमारे ४.२ मीटर प्रतिसेकंद वर्ग येते. ते आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणोत्तरावरून घोडा व स्वार आतल्या बाजूला सुमारे २३ अंशांनी कलतील असे दिसते. वेग बदलला की हा कोन बदलतो. म्हणून घोड्याच्या पाठीवर उभ्या राहणाऱ्या कसरतपटूचा जीव घोड्याच्या एकसारख्या चालीवर अवलंबून असतो. भेदरलेला घोडा एकसारखा चालत नाही. रिंगणाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या शिक्षकाच्या हातात लांब चाबूक दिसतो खरा, पण कुशल शिक्षक त्याने मारत नाही. तो त्याचा लांबवलेला हात असतो. 'पुढे', 'हळू', 'थांब' या खुणा त्याने दिल्या जातात.

ही सर्कस महाराष्ट्रात रुजवली ती विष्णुपंत छत्रे यांनी. सांगली जिल्ह्यातले अंकलखोप हे त्यांचे गाव. गाणे शिकण्याच्या ओढीने ते ग्वाल्हेरला गेले. तिथे हद्दूखाँ यांच्याकडे गायन आणि बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्या, असे दुहेरी शिक्षण त्यांनी घेतले. पुढे संस्थानी पागेत नोकरी केली. किआरिनी या इटालियन गृहस्थांची सर्कस मुंबईत आली, तेव्हा तिच्यातली घोड्यांची कामे पाहून विष्णुपंतांना वाटले की हे आपल्यालाही जमेल. २० मार्च १८८० रोजी मुंबईत त्यांच्या 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ झाला. भारतीय सर्कशीचा इतिहास इथून सुरू होतो, आणि तो सुरू होतो एका अश्वशिक्षकापासून.

विष्णुपंतांनी गाणेही सोडले नाही. गुरूंचे चिरंजीव रहिमतखाँ यांना त्यांनी पुढे आधार दिला. एकाच माणसाला रियाझ आणि घोडा या दोन्ही गोष्टी कळाव्यात, याचे मला नवल वाटत नाही. पलटा चुकला तर गुरू तो तुकडा लहान करतो, लय कमी करतो, आणि नीट आला की पुढे जातो. घोड्याच्या शिक्षणातही दुसरी वाट नाही.

मास्तरांची मान

विष्णुपंतांची सर्कस गाजत होती त्याच काळात शिकण्याचा अभ्यास प्रयोगशाळेत सुरू झाला. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या हालचालीनंतर दार उघडते आणि खाणे मिळते, ती हालचाल मांजर पुढच्या वेळी लवकर करते. साधीच गोष्ट, पण तिने प्रश्न बदलला. 'जनावर हुशार आहे का?' याऐवजी 'त्याच्या हालचालीनंतर लगेच काय घडते?' असे लोक विचारू लागले.

या प्रश्नाची खरी कसोटी लागली ती बर्लिनमध्ये. फोन ओस्टेन या निवृत्त गणितशिक्षकांचा हान्स नावाचा घोडा बेरीज, वजाबाकी, अपूर्णांकसुद्धा सोडवायचा आणि उत्तर खुराच्या ठोक्यांनी द्यायचा. १९०४ साली तज्ज्ञांच्या समितीने तपासणी केली. तिला लबाडी आढळली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट यांनी पद्धतशीर प्रयोग केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले तर हान्सचे उत्तर चुकायचे. विचारणारा दिसेनासा केला तरी चुकायचे. उलगडा असा झाला: प्रश्न विचारून झाल्यावर माणूस खुराकडे पाहण्यासाठी नकळत किंचित वाकतो, आणि ठोक्यांची संख्या उत्तराइतकी झाली की तितक्याच नकळत मान वर करतो. ती सूक्ष्म हालचाल दिसताच हान्स थांबे. मास्तरांनी फसवले नव्हते. आपण घोड्याला गणित शिकवतो आहोत असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात त्यांनी त्याला मास्तरांची मान वाचायला शिकवले होते!

तिरोड्याच्या घोडीचे उत्तरही इथेच आहे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वरातीत मी भाचीला घोडीवाल्याचा हात पाहायला सांगितले. ढोलाच्या प्रत्येक ठेक्याबरोबर त्याची दोरी बोटभर हलत होती. घोडीचे पाय त्या बोटभर हालचालीला उत्तर देत होते. ताल त्याला कळत होता, आणि त्याचा हात घोडीला कळत होता.

खेळ म्हणजे नेमके काय?

विसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम भागात टॉम डोरन्स, रे हंट अशा अश्वशिक्षकांनी घोडा 'फोडण्या'च्या रानदांडग्या रीतीला पर्याय दिला. पुढे पॅट पॅरेली यांनी त्याची सात खेळांत मांडणी केली. ही पद्धत 'नैसर्गिक अश्वविद्या' म्हणून जगभर पसरली. घोडा मोकळा, हातात सैल दोरी, माणूस पायी, आणि दोघांचा जणू पाठशिवणीचा खेळ. घोडा माणसाला कळपाचा म्होरक्या मानतो म्हणून मागे येतो, असे तिचे पुरस्कर्ते सांगतात.

इथे वैज्ञानिकाने थोडे थांबावे. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली एक मजेदार प्रयोग मांडला. माणसाच्या जागी त्यांनी दूरनियंत्रकावर चालणारी खेळण्यातली मोटार ठेवली. घोडा दूर पळाला की मोटार पाठलाग करी, घोडा तिच्याकडे वळला की ती थांबे. घोडे मोटारीच्याही मागे येऊ लागले! मोटारीला कोणी म्होरक्या मानणार नाही. घोडा शिकला ते एवढेच, की 'मी असे केले की दडपण जाते.' मानसशास्त्रात याला 'ऋण प्रबलन' म्हणतात. ही शिक्षा नव्हे. यात नको असलेली गोष्ट योग्य क्षणी काढून घेतली जाते. लगाम सैल सोडणे, टाच उचलणे, एक पाऊल मागे घेणे, हे सगळे यात येते. हवी असलेली गोष्ट देणे, जसे हरभरे किंवा मानेवर खाजवणे, हे 'धन प्रबलन'. फ्रान्समधील रेन इथल्या कॅरोल सँकी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवले की खाऊ देऊन शिकवलेले घोडे लवकर शिकतात, आणि कित्येक महिन्यांनीही माणसाजवळ आपणहून येतात.

आता उडी कशी शिकवायची ते पाहा. पहिल्या दिवशी बांबू जमिनीवर आडवा ठेवायचा. घोड्याने त्याचा वास घेतला तरी शाबासकी. मग चालत ओलांडणे, मग दुडक्या चालीने. मग बांबू वीतभर वर. चुकला तर बांबू पुन्हा खाली. प्रत्येक पायरीवर घोडा यशस्वीच व्हावा इतकी ती लहान ठेवायची. सलाम करणे, मागे सरकणे हे खेळही असेच तुकड्यातुकड्यांनी येतात. शाबासकी मात्र त्याच क्षणी हवी. चार-पाच सेकंद उशीर झाला, तर तोवर घोड्याने मान हलवलेली असते, आणि शाबासकी मान हलवण्याला मिळते.

एक काळजीही घ्यायची. घोड्याचे डोळे बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते, पण नाकासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही. लाल आणि हिरवा हे रंगही त्याला आपल्यासारखे वेगळे दिसत नाहीत. म्हणूनच ब्रिटनमध्ये एक्सेटर विद्यापीठातील संशोधनानंतर २०२२ पासून शर्यतीतल्या अडथळ्यांवरचा नारिंगी रंग बदलून पांढरा करायला घेतला. तोवर माणसाच्या डोळ्यांना उठून दिसणारा रंग घोड्यासाठी वापरला जात होता. अडणारा घोडा हट्टी असतोच असे नाही. कदाचित आपण फळ्यावर जे लिहिले, ते त्याला दिसतच नसेल.

मग मारण्याने काहीच शिकता येत नाही का? येते, आणि ते नाकारणे अशास्त्रीय होईल. माराने 'काय करू नये' हे शिकता येते, आणि त्याबरोबर मारणाऱ्याला टाळायचे, हेही शिकता येते. पण 'काय करावे' हे मार सांगत नाही. उडीचा नेमका क्षण, पायाचा नेमका टप्पा घोड्याला स्वतःच शोधावा लागतो, आणि शोधायला चुकण्याची मोकळीक लागते. खेळ म्हणजे हीच मोकळीक. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतली शारीरिक शिक्षा बंद केली. छडी गेली, आता शिस्त कशी राहायची, असे आपल्यातले काही जण अजून म्हणतात. त्यांनी एकदा तिरोड्याच्या घोडीवाल्याला भेटावे.

वर्गात करून पाहण्यासारखा एक खेळ आहे. एका मुलाला बाहेर पाठवा. बाकीच्यांनी एक साधी कृती ठरवावी, जसे खिडकीला हात लावणे. मुलगा आत आला की तो त्या कृतीच्या जवळ जाईल त्या क्षणी टाळी वाजवा. बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत. किती टाळ्यांत जमले ते मोजा. मग दुसऱ्या मुलाला घ्या आणि दुसरी तेवढीच सोपी कृती ठरवा. या वेळी टाळीऐवजी प्रत्येक चुकीला 'नाही' म्हणा. दोघांचे आकडे फळ्यावर लिहा, आणि कोणाला मजा आली तेही दोघांना विचारा.

लग्नाहून निघताना ते निवृत्त शिक्षक पुन्हा भेटले. भाचीने त्यांना दोरीचे गुपित सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी पस्तीस वर्षं पोरांना काय शिकवलं, गणित की माझी मान?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पण तो त्यांनी स्वतःला विचारला, हे मला त्या लग्नातले सर्वांत मोलाचे वाटले.