शायर गेल्यावर त्याच्या बयाजचं काय होतं? नगर जिल्ह्यातले कवी आणि त्यांना जपणारे लोक

पूर्वीचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा. फारसी, दखनी, उर्दू आणि मराठी अशा चारही भाषांत इथं कविता झाली. पण यातले काही कवी आजही लोकांच्या तोंडी आहेत आणि काहींची नावं फक्त संशोधकांना माहीत आहेत. हा फरक कशामुळे पडला, ते पाहण्यासारखं आहे. कारण आपल्या अनेक घरांत आजही एखाद्या दादांची, नानांची किंवा खालूंची शायरीची वही पडून आहे आणि ती वाचणारं माणूस घरात उरलेलं नाही.

सुरुवात दरबारापासून करू. 1490 मध्ये मलिक अहमद निजामशहाने शहराचा पाया घातला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1503 मध्ये शाह अशरफ बियाबानी यांनी करबलाच्या प्रसंगावर ‘नौसरहार’ ही मसनवी दखनीत लिहिली. पुढे 1565 च्या तालिकोटच्या लढाईवर हसन शौकीने ‘फतेहनामा निजामशाह’ रचला. इराणहून आलेले जुहूरी आणि मलिक कुम्मी हे फारसीतले मोठे कवी नगरच्या दरबारी होते. जुहूरीने आपला ‘साकीनामा’ दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाला अर्पण केला. नगरचं राज्य डळमळलं तसे दोघेही विजापूरला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाला गेले. त्यांना दोष द्यायचं कारण नाही, पोट कवीलाही असतं. पण आश्रय एकट्या राजाचा असला की राजा गेल्यावर कवीही गाव सोडतो, हे नगरकरांनी तेव्हाच पाहिलं. आज जुहूरीचं नाव नगरच्या गल्लीत विचारलं तर किती जण सांगतील?

याउलट श्रीगोंद्याचं उदाहरण पाहा. सोळाव्या-सतराव्या शतकातले शेख महंमद हे मराठीतले फार मोठे मुस्लिम संतकवी. वडील राजेमहंमद, आई फुलाई. गुरू चांद बोधले, कादरी परंपरेतले. मालोजीराजे भोसल्यांची त्यांच्यावर श्रद्धा होती आणि त्यांनीच शेख महंमदांना श्रीगोंद्याला, तेव्हाच्या चांभारगोंद्याला, मठ बांधून दिला, असं परंपरा सांगते. ‘योगसंग्राम’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ, 18 प्रसंगांचा, ओवीबद्ध. तो 1645 चा. ‘पवनविजय’ आणि ‘निष्कलंक प्रबोध’ हीही त्यांचीच रचना. भाषा अस्सल मराठी, त्यात फारसी-अरबी शब्द सहज मिसळलेले. स्वतःचं मुसलमान असणं ते कुठं लपवत नाहीत आणि ढोंग दिसलं की मुल्ला असो वा पंडित, कोणाची भीड ठेवत नाहीत.

शेख महंमदांच्या मागे मालोजींचा आश्रय होता, पण ते टिकले ते मालोजींमुळे नव्हे. पोथ्या नकलून ठेवणारे लोक होते. कीर्तनात त्यांचे अभंग म्हणणारे होते. गावाने समाधीस्थान आपलं मानलं आणि यात्रा चालू ठेवली. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे महिपती (1715–1790) यांनी आपल्या संतचरित्रांत शेख महंमदांची कथा घातली. म्हणजे जिल्ह्यातल्याच एका कवीने जिल्ह्यातल्या दुसऱ्या कवीला पुढच्या पिढीकडे पोचवलं. मग विसाव्या शतकात वा. सी. बेंद्रे यांनी ‘योगसंग्राम’ 1959 मध्ये आणि कवितासंग्रह 1961 मध्ये संपादित करून छापला. तीनशे वर्षं हाताने लिहिलेल्या पोथ्यांवर जगलेली कविता अशी छापखान्यापर्यंत आली.

अलीकडे या स्थानाच्या जीर्णोद्धारावरून आणि ट्रस्टवरून गावात वाद पेटला. दर्गा म्हणायचं की मंदिर, यावर मोर्चे निघाले. त्याचा निकाल संबंधित यंत्रणा लावतील. आम्हाला वाटतं ते एवढंच की या वादात बोलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या तरुणांनी ‘योगसंग्राम’ची निदान दहा पानं वाचलेली असावीत. मुस्लिम घरांत तर हा ग्रंथ क्वचितच दिसतो. आपल्याच माणसाचं पुस्तक आपण दुसऱ्यांच्या कपाटात ठेवून दिलंय.

संगमनेरची गोष्ट थोडी वेगळी. शाहीर अनंत फंदी (1744–1819) तिथले, आडनाव घोलप. त्यांच्या ‘फंदी’ या नावामागे मलिक फंदी नावाच्या एका फकिराची दोस्ती होती, असं सांगतात. आधी लावण्या आणि तमाशा, मग कीर्तन. अहिल्याबाई होळकरांनी कान उघाडणी केल्यावर त्यांनी वाट बदलली अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाईंचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, जिल्ह्याचं आजचं नाव त्यांच्यावरूनच आलं. संगमनेरकरांनी आपल्या शाहिराचं नाव व्याख्यानमालेला दिलं. कवीच्या नावानं लोक दरवर्षी एकत्र बसतात, हे काही कमी नाही.

नगर शहरातल्या ख्रिस्ती समाजाकडून तर खूप शिकण्यासारखं आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांची (निधन 1919) भजनं मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. दर रविवारी म्हणायची गोष्ट विसरणार कशी? टिळकांच्या घरी नगरला बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली म्हणून त्या घरातल्या कविमंडळींची हकीकत आपल्याला कळते. नगरचेच कवी दत्त, म्हणजे दत्तात्रय कोंडो घाटे, 1899 मध्ये ऐन तारुण्यात वारले. त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या 1922 मध्ये, मुलगा वि. द. घाटे यांच्या हातून. तेवीस वर्षं ते कागद घरात कोणीतरी सांभाळले होते.

आता आपल्या उर्दू मैफिलीकडे येऊ. मोठा मुशायरा सगळ्यांना ठाऊक आहे: स्टेज, लाइट, बाहेरगावचे शायर, उशिरापर्यंत वाहवा. तो हवाच. पण शायर घडतो नशिस्तीत. इशाच्या नमाजनंतर कोणाच्या तरी बैठकीत दहा-पंधरा माणसं, चहा, एक सदर, एक नाजिम. तरही नशिस्त असेल तर एक मिसरा आधीच दिलेला असतो आणि प्रत्येकाने त्याच बहरमध्ये, त्याच काफिया-रदीफवर गझल आणायची. नवख्याला आधी वाचायला बोलावतात, उस्तादाची पाळी शेवटी. शेर आवडला तर ‘मुकर्रर’ म्हणून पुन्हा ऐकायचा. वजन चुकलं तर तिथं कोणी हसत नाही, नंतर बाजूला घेऊन सांगतात. या दुरुस्तीला इस्लाह म्हणतात. उस्ताद आपल्या शागिर्दाला तखल्लुस देतो आणि कित्येक शायर त्यापुढे गावाचं नाव लावतात. फी नाही, सर्टिफिकेट नाही. मराठी शाळेतल्या मुलांना वृत्त शिकवताना आम्हाला नेहमी वाटतं, हीच पद्धत वर्गात आणली तर गण पाठ करून घ्यावे लागणार नाहीत.

बायकांना मात्र या बैठकीत जागा फार कमी मिळाली, हे मान्य करायला हवं. त्यांची शायरी मिलादच्या नातांत, शादीच्या गाण्यांत आणि वहीच्या मागच्या पानांवर राहिली. घरात शोधायला बसलात तर अम्मी आणि नानींच्या वह्या आधी काढा.

मराठीतून लिहिणाऱ्या मुस्लिम कवींना स्वतःचा मंच मिळायला वेळ लागला. अमर शेख यांच्यासारखा शाहीर साऱ्या महाराष्ट्राचा झाला, इलाही जमादार यांनी मराठी गझल गाजवली. तरी मुस्लिम मराठी साहित्य संमेलन पहिल्यांदा भरलं ते 1990 मध्ये, सोलापूरला. उर्दू शायर आणि मराठी कवी एकाच मोहल्ल्यात राहतात आणि एकमेकांचं वाचत नाहीत, ही तक्रार आम्ही दोन्ही बाजूंकडून ऐकतो. नशिस्तीत एक मराठी गझल वाचली तर मैफिल काही बाटणार नाही.

सगळ्यात निकडीचा प्रश्न लिपीचा आहे. मुलं मराठी किंवा इंग्रजी माध्यमात गेली. उर्दू बोलतात, समजतात, पण दादांची शिकस्त अक्षरातली बयाज त्यांना लागत नाही. शायरच्या इंतकालनंतर चाळीस दिवस लोक येतात, शेर आठवतात. पुढे घर रंगवायला काढलं की वही रद्दीत जाते.

म्हणून काही साध्या गोष्टी. वहीचा पानन्‌पान फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा. कोरी पानं आणि समासातल्या नोंदीही सोडू नका, इस्लाह बहुधा तिथंच असते. लॅमिनेशन करू नका, जुना कागद त्यात खराब होतो. उर्दू वाचणाऱ्या एखाद्या बुजुर्गांना शेजारी बसवून वाचून घ्या, आवाज रेकॉर्ड करा आणि मग देवनागरीत उतरवा. नुक्ते ठेवा. काफिया काना-मात्रेने बदलतो तसा नुक्त्यानेही बदलतो. कोणती गझल कुठल्या नशिस्तीत वाचली, मिसरा कोणी दिला, हे माहीत असेल तर तारखेसकट लिहा. पुस्तक काढायचं ठरलं तर आयएसबीएन आपल्याकडे मोफत मिळतो. कॉपीराइट कवीच्या निधनानंतर 60 वर्षं वारसांकडे राहतो, तेव्हा छापण्याआधी सगळ्या भावंडांची लेखी संमती घ्या. भांडणं इथंच होतात. छापलेल्या प्रतींतली एक जिल्हा वाचनालयाला, एक गावच्या मदरशाला आणि एक शाळेच्या लायब्ररीला द्या.