हजार मैलांची परीक्षा

मोटारींच्या इतिहासात हजार मैल हा आकडा अगदी सुरुवातीपासून भेटतो. १९०० साली इंग्लंडच्या ऑटोमोबाइल क्लबने लंडनहून एडिंबरोला जाऊन परत येण्याची ‘थाउजंड माइल्स ट्रायल’ घेतली. ती २३ एप्रिलला सुरू झाली आणि १२ मे रोजी संपली. वाटेतल्या शहरांत गाड्या लोकांना दाखवायच्या म्हणून मुक्काम होते हे खरं, तरी हजार मैलांना जवळपास वीस दिवस लागले. परीक्षा होती ती यंत्राची. घोड्याविना चालणारी ही वस्तू भरवशाची आहे का, एवढाच प्रश्न होता. चालवणारा थकला की नाही, याची नोंद ठेवायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

आपल्याकडेही हा खेळ लवकर आला. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर अशी ६२० मैलांची चाचणी झाली आणि ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या रोल्स-रॉइसने ती जिंकली. वाटेत सह्याद्रीचे घाट होते, त्यामुळे प्रश्न थोडा बदलला होता: यंत्र भरवशाचं असेल, पण चढावर दम टिकेल का? मोटरसायकलींसाठी १९१३ साली कार्लाइलला सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय चाचणी सुरू झाली. तिथेही गाडीची मोडतोड हाच गुणांचा हिशेब होता.

माणूस या हिशेबात आला तो वेगळ्या दाराने. १९१६ साली ऑगस्टा आणि अ‍ॅडलिन व्हॅन ब्यूरन या दोघी बहिणी दोन इंडियन मोटरसायकलींवर न्यूयॉर्कहून निघून अमेरिका ओलांडून कॅलिफोर्नियात पोहोचल्या. युद्धात बायका लष्कराचे निरोप पोहोचवू शकतात, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. वाटेत पुरुषी कपडे घातले म्हणून त्यांना पोलिसांनी अडवलं. प्रवास पूर्ण झाला, लष्कराने मात्र अर्ज नाकारला. गाड्या पास झाल्या, बहिणीही पास झाल्या. पण परीक्षकाला त्यांचा निकाल लावायचाच नव्हता.

मग रस्ते गुळगुळीत झाले, इंजिनं रुसायची थांबली, आणि यंत्राची परीक्षा घेण्यात काही अर्थ उरला नाही. १९८४ साली अमेरिकेत पहिली ‘आयर्न बट रॅली’ झाली. त्याच परंपरेत आज जगभर केली जाणारी ‘सॅडलसोअर’ बसते: चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सुमारे १६१० किलोमीटर. १९०० साली ज्याला वीस दिवस लागले, ते एका दिवसात. आता परीक्षा चालवणाऱ्याच्या शरीराची आहे, आणि नावही शरीराच्या नेमक्या भागावरून ठेवलेलं आहे.

भाषांतर हा माझा धंदा असल्यामुळे मी या नावाशी बराच वेळ झटापट केली. ‘लोखंडी बूड’ म्हटलं की हसू येतं. ‘बैठक’ हा शब्द जवळचा वाटतो. गवयाची बैठक आणि पैलवानाच्या बैठका, दोन्हींत चिकाटी आहे. पण खरा घोळ ‘एन्ड्युरन्स’ या शब्दाचा. कोश ‘सहनशक्ती’ सांगतो, आणि मराठीत सहनशक्ती हा बहुतेकदा बाईचा गुण असतो. सासरी लागते ती सहनशक्ती. रस्त्यावर पुरुषाने दाखवला की त्यालाच दम म्हणतात. मी दमच घ्यायचं ठरवलं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच जणांनी भिलाईच्या हथखोजहून ही राइड केली. हथखोज म्हणजे अवजड उद्योगांची वसाहत. लोखंड लादलेले ट्रेलर, उडणारी राख, टपऱ्यांवर रातपाळीची माणसं. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्याच्याभोवती पुढे असे खाजगी कारखाने वाढत गेले. गावातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लोक अजून ‘जी. ई. रोड’ म्हणतात: ग्रेट ईस्टर्न रोड, नागपूरकडून रायपूरकडे जाणारा इंग्रजी काळातला रस्ता. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग ६ झाला, आता ५३ आहे. हथखोजहून निघून, नागपूर, अमरावती, अकोला, जळगाव करत धुळ्याच्या थोडं पुढे कुसुंब्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परतायचं. हिशेब हजार मैलांच्या वर जातो.

पहाटे चारला पंपावरची पावती घेऊन निघालो. या खेळात पावतीला फार मान आहे. निघताना साक्षीदाराची सही, वाटेतल्या प्रत्येक पेट्रोल पंपाची वेळ छापलेली पावती, परतल्यावर पुन्हा साक्षीदार. तुम्ही काय भोगलंत, याचा पुरावा कुणी मागत नाही. कुठे किती वाजता होतात, एवढाच मागतात. देवरी-साकोलीच्या जंगलपट्ट्यात अंधार आणि जनावरं म्हणून वेग कमी ठेवला. नागपूरनंतर ऊन चढलं. सकाळचा चहा छत्तीसगढीत मागितला होता, दुपारचा वऱ्हाडीत, आणि धुळ्याच्या बाजूला कानावर अहिराणी पडू लागली.

परतीला रात्री दहाच्या सुमारास मूर्तिजापूरजवळ पेट्रोल भरलं. पंपावरच्या पोराने गाडीचा नंबर पाहिला, आमचा बेत विचारला आणि म्हणाला, “म्हणजे ताई, जिथून निघाल्या तिथंच वापस जाऊन राह्यल्या? मंग निघाल्याच कायले?” मी पावती घेतली. उत्तर द्यायला वेळ नव्हता, आणि खरं तर उत्तरही नव्हतं.

त्या प्रश्नाला त्या जागी एक वेगळं वजन आहे. अमरावती ते अकोला या टप्प्यात जून २०२२ मध्ये महामार्ग प्राधिकरणाने ७५ किलोमीटरची एक मार्गिका सलग डांबरीकरण करून १०५ तास ३३ मिनिटांत पुरी केली. गिनेस बुकात तो जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला. आधीचा विक्रम दोह्याचा होता, २५ किलोमीटरच्या थोडा वर. विदर्भातला जून, तापलेलं डांबर, रात्रंदिवस काम, ७२० माणसं. तेवढंच अंतर मी तासाभरात पार केलं. माझ्या राइडचा गुळगुळीतपणा त्यांच्या दमातून आलेला आहे. प्रमाणपत्रावर मात्र संस्थेचं नाव असतं, जसं माझ्या प्रमाणपत्रावर फक्त माझं असेल.

रात्री बारानंतर शरीर खोटं बोलू लागतं. झाड माणसासारखं दिसतं, पुढच्या ट्रकचे लाल दिवे जवळ येतात की लांब जातात ते कळेनासं होतं. अशा वेळी आम्ही थांबत होतो. वीस मिनिटं ढाब्याच्या बाजेवर आडवं व्हायचं, हे आधीच ठरलेलं होतं. शेजारच्या बाजांवर ट्रकचालक झोपलेले. त्यांच्यासाठी २०२५ पर्यंत १९६१ चा मोटर परिवहन कामगार कायदा होता: पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायात साधारणपणे दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, मध्ये विश्रांती. या रस्त्यावर रात्री गाडी चालवली की तो कायदा कुठवर पोहोचला ते दिसतं. माझे चोवीस तास हा छंद आहे, आणि हव्या त्या क्षणी मी तो सोडून देऊ शकते. हाच आमच्यातला खरा फरक.

आम्ही तीन वाजून वीस मिनिटांनी हथखोजला पोहोचलो, चाळीस मिनिटं राखून. पावत्या जुळल्या.

पण दमाचा इतिहास लिहायचा तर तो पावत्यांवर संपत नाही. १९९०-९१ मध्ये याच भिलाईत शंकर गुहा नियोगींनी खाजगी कारखान्यांतल्या ठेका मजुरांना संघटित केलं. मागण्या होत्या जगण्यापुरत्या पगाराच्या आणि कायम नोकरीच्या. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे ते आपल्या घरात झोपलेले असताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. पुढच्या वर्षी १ जुलैला आंदोलन करणाऱ्या मजुरांवर भिलाईच्या रेल्वेमार्गावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात मजूर मारले गेले. ती लढाई किती ताणून धरायचं याची नव्हती. कुठे थांबायचं हे ठरवण्याचा हक्क कुणाचा, याची होती.

मराठीत दम धरतात आणि दम घेतातही. एकाच शब्दात टिकून राहणं आहे आणि विसावा आहे. इंग्रजी शब्दात विसाव्याला जागा नाही, म्हणून हजार मैलांच्या नोंदवहीतही ती नाही. १९०० साली यंत्राचे गुण मांडले गेले, नंतर चालवणाऱ्याचे. रस्ता घालणाऱ्याचे आणि त्यावर रोज पोट भरणाऱ्याचे गुण मांडायचे असतील, तर वहीत एक रकाना वाढवावा लागेल: दम घ्यायला किती वेळ मिळाला.