लीळाचरित्राच्या पोथीची कुळकथा

लीळाचरित्र हा मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ मानला जातो. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांच्या आठवणी म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूर येथे गोळा केल्या. मुख्य सांगणारे स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य. पण ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्यांनाही म्हाइंभटांनी विचारले. म्हणूनच या ग्रंथात स्वामींच्या चालण्याबोलण्याबरोबर त्या काळातली गावे, जेवणखाण आणि बायाबापड्यांची बोलीही जिवंत राहिली.

ग्रंथाचे तीन भाग आहेत: एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. एकांकात स्वामींच्या एकट्याच्या भ्रमंतीचा काळ येतो, आणि त्यातच वैनगंगेकाठच्या भंडाऱ्याचे निळभट भांडारेकार भेटतात. त्यामुळे मराठी गद्याच्या या आरंभाशी भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीचेही नाते आहे, आणि ते अभिमानाने सांगावे असे आहे.

मूळ पोथी मात्र उरली नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांना लीळा पाठ होत्या, त्यांच्या तोंडून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. हिराइसेचा पाठ त्यांत विशेष मानाचा. सांगणारे अनेक, म्हणून पाठही अनेक झाले; पुढच्या संकलकांनी एकाला खरे ठरवून दुसऱ्याला पुसले नाही, तर कोण काय म्हणतो हे नावानिशी नोंदवले. हा प्रामाणिकपणा ग्रंथाचे मोठे धन आहे. मूळ लीळाचरित्राच्या शंभरएक वर्षे आधी सर्बियात राजपुत्र मिरोस्लाव यांच्यासाठी चर्मपत्रावर शुभवर्तमानाची पोथी तयार झाली होती. ती रंगीत चित्राक्षरांसह आजही आहे. महानुभावांचा ग्रंथ मात्र पाठांतराच्या बळावर तरला.

पुढे पोथ्यांना दुसरे कवच मिळाले. १३५३च्या सुमारास रवळोबासांनी सकळ लिपी तयार केली. भाषा मराठीच, पण नेहमीच्या अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरे आणि चिन्हे. किल्ली ठाऊक असलेल्यालाच ती वाचता येई. सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य अशा आणखी सांकेतिक लिप्याही रूढ झाल्या. या गुप्ततेने मजकूर परक्या हातांपासून राखला, पण ज्या सामान्य माणसांसाठी नागदेवाचार्यांनी संस्कृतऐवजी मराठीचा आग्रह धरला होता, त्यांनाही तो शतकानुशतके दुरावला. पंथाबरोबर या पोथ्या पंजाब आणि काबूलपर्यंत पोहोचल्या.

विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली आणि वि. ल. भावे यांनी हे वाङ्मय वाचकांपुढे मांडले. हरि नारायण नेने यांनी नागपूरहून लीळाचरित्र छापायला घेतले. वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली आवृत्ती १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. आता रिद्धपूर येथेच मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे.