होस्ट रिकामा करण्याची रीत

आभासी यंत्रे चालवणारा होस्ट सर्व्हर दुरुस्तीला घेण्याआधी रिकामा करण्याची, म्हणजे मेंटेनन्स मोडमध्ये टाकण्याची रीत रुळली ती 2006 नंतर. एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवणे मात्र त्याहून बरेच जुने. आयबीएमची व्हीएम/370 ही मेनफ्रेमवरची प्रणाली 1972 मधली. व्हीएमवेअरने 2001 मध्ये ईएसएक्स सर्व्हर आणला आणि हीच सोय साध्या सर्व्हरवर आली. जागा, वीज आणि पैसा वाचला, पण एक नवी अडचण उभी राहिली. पूर्वी एक सर्व्हर रिबूट केला तर एखाद्याच विभागाचे काम थांबे. आता एका होस्टबरोबर मेल, पगारपत्रक आणि डेटाबेस एकदमच बंद पडू लागले.

यावरचा खरा शोध म्हणजे व्हीएमवेअरचा 2003 मधला व्हीमोशन. मेंटेनन्स मोड ही त्यामागून आलेली शिस्त. व्हीमोशनमध्ये चालू आभासी मशीनची मेमरी दुसऱ्या होस्टवर उतरवली जाते. त्यादरम्यान बदललेला भाग पुन्हा पाठवला जातो आणि शेवटी क्षणभर थांबून मशीन तिकडे चालू होते. डिस्क सामायिक स्टोरेजवर असल्याने ती हलवावी लागत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी 2005 मध्ये झेन या आभासीकरण प्रणालीवर क्वेक 3 या खेळाचा सर्व्हर खेळ चालू असताना हलवला. खंड पडला 60 मिलिसेकंदांचा.

व्हीएमवेअरच्या 2006 च्या व्हीआय 3 मध्ये होस्टवरचा भार वाटून देणारे डीआरएस आले आणि क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या होस्टच्या गटात, मशीन आपोआप हलवता येऊ लागल्या. मेंटेनन्स मोडमध्ये जाणारा होस्ट नवी मशीन घेत नाही आणि आतली शेवटची मशीन हलेपर्यंत किंवा बंद होईपर्यंत थांबतो. रॅम वाढवणे, फर्मवेअर बदलणे, रिबूट मागणारा पॅच घालणे, बिघाडाचा संशय असणे किंवा होस्ट क्लस्टरमधून काढणे, ही त्याची ठरलेली निमित्ते. मशीनना धक्का न लावणाऱ्या बारीकसारीक बदलांसाठी तो वापरणे म्हणजे उगाच खटाटोप.

होस्ट मोडमध्ये टाकण्याआधी उरलेल्या होस्टवर जागा आहे का, हे पाहावे लागते. दोनच होस्टच्या क्लस्टरमध्ये एक बाजूला काढला की दुसऱ्याला आधार उरत नाही. एखाद्या मशीनला होस्टचे कार्ड थेट जोडलेले असेल तर ती हलत नाही आणि होस्ट मोडमध्ये जाता जाता अडकतो. 2014 मध्ये होस्टच्याच डिस्क जोडून सामायिक स्टोरेज बनवणारे व्हीसॅन आले तेव्हा डेटाच होस्टच्या डिस्कवर राहू लागला. मग तो पूर्ण हलवायचा, नुसता हाती राहील इतपत जपायचा की आहे तिथेच ठेवायचा, असे तीन पर्याय द्यावे लागले. घाईत तिसरा निवडणे हा सर्वांत महागात पडू शकणारा निर्णय.

जानेवारी 2018 मध्ये प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी उघड झाल्यावर जगभरच्या होस्टना पॅच घालावे लागले. ज्यांच्याकडे ही घडी बसलेली होती, त्यांना ते काम दिवसाढवळ्या उरकता आले. काम संपल्यावर मात्र होस्टला मोडमधून आठवणीने बाहेर काढावे लागते. तोवर तो एकही मशीन चालवत नाही आणि शेजारचा होस्ट पडला तरी उपयोगी येत नाही.