कंपायलर बदलला की बांधणी का अडते?

मुक्तस्रोत आज्ञावली मूळ स्रोतातून उभी करायची, तर ती कंपायलरकडून यंत्रभाषेत उतरवून घ्यावी लागते. लिनक्सवर हे काम बहुधा जीसीसी करतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. आयआयटी मुंबईतील प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटरने त्याच्या अंतर्रचनेवर कार्यशाळाही घेतल्या.

समजा, राजापुरातील एखाद्या संस्थेची २०१० सालची, सी भाषेतील हिशेबाची आज्ञावली नव्या संगणकावर बांधायला घेतली आणि पडद्यावर चुकांची रांग लागली. स्रोतातील एक अक्षरही बदललेले नाही. बदलला आहे तो कंपायलर.

नियम कधी बदलले?

जीसीसी ५ (२०१५) : सी भाषेचे गृहीत मानक १९९० ऐवजी २०११ चे झाले. सी प्लस प्लसमधील 'स्ट्रिंग'ची अंतर्रचनाही बदलली. त्यामुळे जुनी तयार लायब्ररी नव्या बांधणीला जुळेनाशी होऊ शकते.

जीसीसी १० (२०२०) : एकच सार्वत्रिक चल अनेक फायलींत मांडलेला असल्यास जोडणीच्या टप्प्यावर 'मल्टिपल डेफिनिशन' ही चूक येते.

जीसीसी १४ (२०२४) : पूर्वघोषणा नसलेले फंक्शन वापरल्यास पूर्वी केवळ इशारा मिळे, आता बांधणीच थांबते.

जीसीसी १५ (२०२५) : २०२३ चे मानक गृहीत धरले जाते. 'बूल' हा आता राखीव शब्द असल्याने त्या नावाचा स्वतःचा प्रकार घडवणारा स्रोत अडतो.

निदान

सर्वप्रथम पहिली चूक वाचावी. पुढच्या अनेक चुका तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात. मग कंपायलरची आवृत्ती विचारून घ्यावी आणि स्रोताच्या प्रकाशनाच्या वर्षाशी ती ताडून पाहावी.

उपाय

डेबियन, उबुंटू यांवर जीसीसीच्या काही आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू शकतात. मूळ कंपायलर काढून न टाकता 'सीसी' व 'सीएक्सएक्स' या चलांत हवी ती आवृत्ती नमूद करावी. जुनी अर्धवट बांधणी आधी पुसावी. जुनी आवृत्ती मिळत नसेल, तर 'एसटीडी' पर्यायाने जुने मानक लागू करावे. चलांच्या तक्रारीवर 'एफकॉमन' हा पर्याय चालतो.

मात्र 'एफपरमिसिव्ह' पर्याय देऊन चूक इशाऱ्यावर आणणे धोक्याचे ठरू शकते. पूर्वघोषणा नसलेले फंक्शन पूर्णांक परत करते, असे कंपायलर मानतो. ते प्रत्यक्षात स्मृतीचा ६४ बिटांचा पत्ता देत असेल, तर त्यातील निम्मे बिट गळतात. बांधणी यशस्वी दिसते आणि आज्ञावली ऐन कामात कोसळते. येथे हेडर फाइल जोडून पूर्वघोषणा करणे हाच खरा इलाज.

आज्ञावली टिकवायची असेल, तर स्रोताच्या प्रतीसोबत ती ज्या कंपायलरने बांधली त्याची आवृत्तीही नोंदवून ठेवावी. पुढील माणसाचे श्रम त्या एका ओळीने वाचतात.